"फॉरमॅट मारा" म्हणणाऱ्यांनो, हात आवरा!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

भांडण एका वाक्याशी आहे. "डिटेक्ट होत नाहीये? मग फॉरमॅट मारून टाका!" संगणकाच्या दुकानात हे वाक्य ऐकू येतं, भाचेमंडळी फोनवरून हेच सांगतात, आणि शेजारचा इंजिनिअर मुलगा जिन्यात उभ्या उभ्या हेच सांगून पुढे जातो. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव असतो की जणू सर्दीवर सुंठीचा काढा सुचवला. अहो, घराचं कुलूप उघडत नाही म्हणून आतलं सामान जाळून टाका, असं सांगण्यासारखं आहे हे. घर मिळेल मोकळं, स्वच्छसुद्धा मिळेल. पण आपलं असं त्यात काय उरेल?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क संगणकाने ओळखली नाही, तर त्याचा अर्थ "संगणकाला ती ओळखता आली नाही" एवढाच होतो. डिस्क मेली असा होत नाही, आणि आतलं गेलं असा तर त्याहून होत नाही. अशा वेळी आत काय आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे का, हे दोन प्रश्न न विचारता जो फॉरमॅटचा सल्ला देतो, त्याने सल्ला देणं बंद करावं. वय, शिक्षण, दुकान काहीही असो.

आता कुणी विचारेल, की तुम्ही कोण हे सांगणाऱ्या? बरोबर आहे. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. ३३ वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. संगणकशास्त्राशी माझा संबंध नाही. पण निदान न करता निकाल देऊ नये, हे कळायला संगणकशास्त्र लागत नाही. प्रश्न विचारला की काही मुलं गप्प उभी राहतात. घाईतला मास्तर लगेच म्हणतो, "ढ आहे!" जरा चौकशी केली की कळतं, एकाला शेवटच्या बाकावरून ऐकूच आलं नाही. दुसरा सकाळपासून उपाशी आहे. तिसऱ्याच्या घरी वेगळी भाषा बोलतात, त्याला प्रश्नच समजलेला नाही. आणि चौथा खरोखर तापाने फणफणलेला आहे. चौघेही गप्पच दिसतात, पण चौघांना एकच छडी मारणारा शिक्षक शिक्षक म्हणवून घ्यायच्या लायकीचा नसतो.

हार्ड डिस्कचंही नेमकं असंच आहे, बरं का! ते पुढे सांगते. आधी मला राग का आला ते ऐका.

आमच्या शाळेत दरवर्षी मुलांचं हस्तलिखित निघायचं. मुलांनी सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या कविता, गोष्टी, सहलीची वर्णनं, वर हाताने रंगवलेलं मुखपृष्ठ. एकेक प्रत, छापील नाहीच. २००९ साली दोन माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत बसून जुनी २२ हस्तलिखितं स्कॅन केली आणि एका हार्ड डिस्कवर घालून मला दिली. पुढे शाळेच्या माळ्यावर वाळवी लागली आणि मूळ वह्यांतल्या निम्म्याअधिक गेल्या. म्हणजे आता त्या मुलांच्या अक्षराचं जे काही उरलंय, ते त्या डिस्कमध्ये. (तिसरीतल्या एका मुलीने काढलेला बैलपोळ्याचा बैल मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. ती मुलगी आता आजी झाली!)

काही वर्षांनी एक दिवस ही डिस्क लावली तर संगणक ढिम्म. दुकानात नेली. काउंटरवरच्या मुलाने एकदा लावून पाहिली आणि म्हणाला, "काकू, करप्ट आहे. फॉरमॅट मारतो, पंधरा मिनिटांत देतो." मी ती डिस्क त्याच्या हातातून काढून घेतली आणि घरी आले. बिघाड कशात निघाला ठाऊक आहे? केबलमध्ये! २०० रुपयांची नवी केबल आणली आणि २२ च्या २२ हस्तलिखितं जागच्या जागी होती.

आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींचं नशीब असं नव्हतं. त्यांच्या यजमानांनी निवृत्तीनंतर घरच्या सगळ्या व्हिडिओ कॅसेट हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या. मुलीचं लग्न, सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन, गावचा वाडा पडण्यापूर्वीचं चित्रण. यजमान गेले, कॅसेट भंगारात गेल्या होत्या, डिस्क कपाटात. दोन वर्षांनी ती लागेना म्हणून वहिनी दुकानात घेऊन गेल्या. त्याने फॉरमॅट मारला, नीट चालते का बघायला तिच्यावर सिनेमे भरून पाहिले, ते पुसले, ३०० रुपये घेतले आणि सांगितलं, "एकदम नवी करून दिलीय, काकू!" वहिनींना घरी आल्यावर कळलं, की नवी म्हणजे रिकामी. त्या रडल्यासुद्धा नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "ह्यांचा आवाज होता हो त्यात."

तेव्हापासून हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं फिरतं.

तर आता ते चार विद्यार्थी.

पहिला, ज्याला ऐकूच आलं नाही. म्हणजे केबल आणि पोर्ट. जुन्या धाटणीच्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. नुसत्या चार्जिंगसाठी विकतात त्या स्वस्त केबलींत माहितीच्या तारा नसतातच. अशी केबल लावली की डिस्कचा दिवा लागतो, ती फिरते, आणि संगणकाला मात्र पत्ता नसतो! शिवाय यूएसबी ३ च्या पुष्कळ पोर्टेबल डिस्कना ती रुंद, मधे खाच असलेली पिन असते. ती वाकली, सैल झाली की संपर्क तुटतो. म्हणून सगळ्यात आधी दुसरी केबल, मग दुसरं पोर्ट, मग दुसरा संगणक. मधे हब लावला असेल तर तो काढून डिस्क थेट जोडा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचं पोर्ट वापरा, तिथे जोड थेट मुख्य बोर्डाशी असतो. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात आणि आतल्या माहितीला धक्का लागत नाही.

(जाता जाता : यूएसबीचं पहिलं प्रमाणपत्रक १९९६ साली आलं. ते घडवणाऱ्यांत अजय भट्ट हे आघाडीचं नाव, आणि ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठाशी आपलं नातं आहे, म्हणून मला याचं उगीचच कौतुक!)

दुसरा उपाशी, म्हणजे वीज कमी पडणारा. छोटी, अडीच इंची डिस्क आपली वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत आणि यूएसबी ३ च्या पोर्टने ९००, असं प्रमाण आहे. डिस्कची मोटर सुरू होताना सर्वात जास्त वीज ओढते. जुना लॅपटॉप, लांब बारीक केबल, त्याच हबवर माउस आणि प्रिंटर अशी परिस्थिती असेल, तर डिस्क उठायचा प्रयत्न करते आणि पुन्हा बसते. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कना वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि कित्येकदा अ‍ॅडॉप्टरच गेलेला असतो. तो बदलला की काम झालं. अशा उपाशी पोराला फॉरमॅटची छडी मारायची का? तुम्हीच सांगा.

तिसरा, ज्याची भाषा वेगळी. इथे खरी गंमत आहे, आणि खरा धोकाही. डिस्कवर माहिती मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. विंडोजची एनटीएफएस, १९९३ साली आलेली. अ‍ॅपलची आधीची एचएफएस प्लस आणि २०१७ पासूनची एपीएफएस. लिनक्सवाल्यांची ईएक्सटी४. दोघातिघांना समजणारी एक्सफॅट. विंडोजला अ‍ॅपलची मांडणी स्वतःहून वाचता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाने आपल्या मॅकवर फोटो भरलेली डिस्क आजीला दिली आणि आजीने इथे विंडोजला लावली, की विंडोज एकतर ती दाखवतच नाही, नाहीतर "फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही, करू का?" असं विचारतं. डिस्क ठणठणीत आहे. आतले सगळे फोटो सुखरूप आहेत. वाचणाऱ्याला लिपी येत नाही, एवढंच!

मला यावरून मोडी आठवते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातला एखादा मोडी कागद बालबोध शिकलेल्या माणसापुढे धरा. तो म्हणेल, "मला वाचता येत नाही." हे प्रामाणिक उत्तर झालं. पण तो जर म्हणाला, "हा कागद खराब आहे, पुसून कोरा करून देऊ का?" तर आपण त्याला दफ्तरखान्याच्या पायरीवर तरी उभं करू का? संगणकाच्या पडद्यावर मात्र हेच वाक्य रोज उमटतं, आणि आपण मान डोलावून "हो" म्हणतो.

याच वर्गातला एक उपप्रकार आहे. डिस्क संगणकाला दिसलेली असते, पण तिला अक्षर मिळालेलं नसतं. म्हणजे सी, डी, ई यातलं काही. मग ती "धिस पीसी"मध्ये (आपल्या पिढीच्या "माय कॉम्प्युटर"मध्ये) दिसत नाही आणि लोक म्हणतात, गेली. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे डिस्क दिसते, तिच्या पट्टीवर राइट क्लिक करून अक्षर देता येतं. अक्षर दिल्याने आतलं काही पुसलं जात नाही. मात्र पट्टीवर एनटीएफएसच्या जागी "रॉ" लिहिलेलं दिसलं, किंवा "ही डिस्क इनिशिअलाइज करा" असं सांगणारी चौकट आली, तर तिथे हात मागे घ्यायचा. रॉ म्हणजे मांडणी वाचता येत नाहीये. इनिशिअलाइज म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला विभागणीचा नवा तक्ता लिहिणं. जुना तक्ता शोधायच्या आधी नवा कशाला लिहायचा?

चौथा खरा आजारी. हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात. पोर्टेबल डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. त्यांच्यावर वाचणारं टोक काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावर. डिस्क पडली, दणका बसला, की हे टोक चकतीला घासू शकतं. मग आवाज येतो, टक्... टक्... टक्, एका लयीत. किंवा खरखर. हा आवाज आला की एकच उपाय, ताबडतोब वीज बंद. "पुन्हा एकदा लावून बघू" म्हणत प्रत्येक वेळी आपण त्या चकतीवर ओरखडा ओढत असतो. अशी डिस्क हवा गाळलेल्या, धूळमुक्त खोलीत उघडणाऱ्या तज्ज्ञांकडेच न्यायची. खर्च बराच येतो, आणि यश नक्की नसतं. तेव्हा आत काय आहे हे बघून ठरवावं. पण फॉरमॅट? तापलेल्या मुलाला छडी? आणि ते "फ्रीजमध्ये ठेवा, चालू होते" हे जालावरचं आजीबाईच्या बटव्यातलं औषध तर अजिबात नको. बाहेर काढल्यावर चकत्यांवर दव धरतं. (आजीबाई म्हणून मला हे सांगायचा अधिकार आहे!)

तर असे हे चार. यातल्या पहिल्या दोघांना फॉरमॅटने काडीचा उपयोग होत नाही. तिसऱ्याची डिस्क "चालू" होते, पण आतलं सगळं घालवून. चौथ्याचं दुखणं वाढतं. मग हे औषध नक्की कुणासाठी आहे? फॉरमॅट ही वाईट गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. नवी डिस्क वापरायला काढताना, किंवा आतल्या सगळ्याची दुसरी प्रत हातात असताना खुशाल करा. पण ती शेवटची पायरी आहे. आपण तिला पहिली करून बसलो आहोत.

फॉरमॅट म्हणजे काय होतं, तेही समजून घ्या. क्विक फॉरमॅटमध्ये पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते. पानं बरीचशी जागेवर असतात, पण कुठलं पान कुठे याचा पत्ता राहत नाही. वरून नवीन काही लिहिलं, की पानंही जातात. साधा, पूर्ण फॉरमॅट त्याहून कडक. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, तो सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातो. त्यानंतर शोधायला काही उरत नाही. आता वहिनींच्या डिस्कचं काय झालं ते लक्षात येईल. फॉरमॅटनंतर लगेच थांबले असते, तर टेस्टडिस्क, फोटोरेक यांसारख्या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅमनी बरंच काही परत मिळण्याची शक्यता होती. पण वर सिनेमे भरले गेले! पुढे दुसरीकडे प्रयत्न केला तेव्हा थोडे फोटो मिळाले. चित्रफिती नाही मिळाल्या.

"चेकडिस्क चालवा" हा दुसरा लाडका सल्ला. तोही जपून. तो आज्ञावलीचा प्रोग्रॅम मांडणीतली विसंगती दुरुस्त करतो, तुमचे फोटो वाचवणं हे त्याचं काम नाही. दुरुस्त करताना त्याला न जुळणाऱ्या नोंदी तो काढून टाकू शकतो. डिस्क मरणपंथाला असेल, तर ती सगळी वाचायला लावणं हाही तिच्यावर भारच. आधी जेवढं वाचतंय तेवढं दुसरीकडे उतरवून घ्या, मग काय दुरुस्ती करायची ती करा. आणि परत मिळवलेलं त्याच डिस्कवर ठेवू नका. बुडत्या होडीतलं सामान काढून त्याच होडीच्या दुसऱ्या टोकाला ठेवण्याचा प्रकार तो!

आता थोडं दुकानदारांच्या बाजूनेही बोलते, नाहीतर म्हणाल बाई एकांगी आहेत. त्यांच्याकडे दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं. प्रत्येक डिस्कपाशी दोन तास बसले तर धंदा कसा चालायचा? आणि आपणही काय म्हणतो? "चालू करून द्या." त्याने चालू करून दिली! आतलं वाचवा असं कुणी म्हटलं होतं का? हा युक्तिवाद मी ऐकलाय आणि तो मला अर्धाच पटतो. डॉक्टरकडे पोट दुखतं म्हणून गेलो, तर तो पोट कापण्यापूर्वी विचारतो, सही घेतो. रोग्याने "पोट कापू नका" असं स्वतःहून सांगायची अपेक्षा ठेवत नाही. ज्याच्या हाताने काम होणार, विचारायची जबाबदारी त्याची. दुकानात भिंतीवर "उधार बंद" अशी पाटी लावता, तशीच आणखी एक लावा की, "आतल्या माहितीची दुसरी प्रत आहे का?" रंगवायला काय पैसे पडतात?

आणि ती पडद्यावरची चौकट तयार करणाऱ्यांचं काय? तिच्यात दोनच बटणं. फॉरमॅट करा, नाहीतर रद्द करा. "ही डिस्क कदाचित वेगळ्या पद्धतीची असेल, आतलं सुरक्षित असू शकेल, आधी दुसऱ्या संगणकावर लावून पाहा," एवढं एक वाक्य लिहायला जागा नव्हती का? मॅकवरची चौकट निदान न वाचता येणारी डिस्क बाहेर काढायचा आणि दुर्लक्ष करायचा पर्याय समोर ठेवते. साठीसत्तरीतली बाई पडद्यावर प्रश्न बघते तेव्हा तिला वाटतं, संगणक विचारतोय म्हणजे बरोबरच विचारत असणार. शाळेत आम्ही प्रश्नपत्रिका काढताना दहा वेळा वाचायचो, की मुलाचा गैरसमज होऊ नये. तिथे गेले तर पाच गुण जायचे. इथे एखाद्या घराचा सगळा इतिहास जातो.

काही आक्षेप येणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच उत्तरं देते.

"काकू, एवढं काय! नवी घ्या, हल्ली स्वस्त मिळते." नवी डिस्क मिळेल रे बाबा. माझ्या तिसरीतल्या मुलीचा बैल कुठल्या दुकानात मिळतो तेवढं सांग.

"सगळं क्लाऊडवर ठेवा ना." ठेवा, जरूर ठेवा. पण तिथेही फुकट जागा मर्यादितच. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली, आता सगळं मिळून १५ जीबी. पासवर्ड हरवला, किंवा ज्याच्या नावावर खातं तोच गेला, की घरच्यांना दार उघडणं किती कठीण, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. क्लाऊड ही दुसरी प्रत म्हणून उत्तम. एकुलती एक म्हणून तोही तसाच धोक्याचा. जाणकार सांगतात ते साधं सूत्र लक्षात ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्या आया लोणच्याची एकच बरणी भरत नसत. एक वापरातली, एक ठेवणीतली, एक लेकीकडे. सूत्र तेच आहे.

"या वयात तुम्ही कशाला यात पडता?" याच वयात पडायचं असतं. तरुणांचे फोटो उद्या पुन्हा निघतील. आमच्या पिढीकडे ज्यांचे आवाज आहेत, ती माणसं पुन्हा बोलणार नाहीत.

इतिहास शिकवला म्हणून शेवटी एकच सांगते. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरची, वाळवीने खाल्लेली, कुणालाच वाचता न येणारी मोडी दफ्तरं त्यांनी जमवली. "मराठ्यांच्या इतिहासाची साधनं" या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, एकूण २२ खंड झाले. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. पुढे १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध केले. या माणसांनी एकच गोष्ट मानली होती, की मला वाचता आलं नाही म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाही. आपण त्यांच्या नावाने व्याख्यानमाला ऐकतो, टाळ्या वाजवतो, आणि घरी येऊन "फॉरमॅट डिस्क"वर टिचकी मारतो! ज्या घरांत रोजनिशा नाहीत, पत्रं लिहिणं कधीच थांबलं, त्या घरांचं दफ्तर आता याच काळ्या डबीत आहे. उद्याच्या राजवाड्यांनी कुठल्या माळ्यावर शोधायचं?

तेव्हा भाचेमंडळींनो, दुकानदार दादांनो आणि जिन्यातल्या इंजिनिअरांनो, पुढच्या वेळी कुणी काकू, कुणी आजोबा डिस्क घेऊन तुमच्यासमोर उभे राहिले, तर आधी विचारा, "आत काय आहे? दुसरीकडे कुठे आहे का?" मग केबल बदला. मग पोर्ट बदला. मग दुसरा संगणक. मग डिस्क मॅनेजमेंट. टकटक आवाज येत असेल तर वीज काढा आणि खरं काय ते सांगा. यातलं काही जमत नसेल, तर "मला नाही कळत, दुसऱ्याला दाखवा" असं म्हणा. त्यात कमीपणा नाही. वर्गात "मला येत नाही" म्हणणाऱ्या मुलावर मी कधी रागावले नाही. न येता ठोकून देणाऱ्यावर मात्र रागवायचे.

आणि वाचकहो, तुमच्या कपाटात अशी एखादी डिस्क असेल, तर हे वाचून झाल्यावर ती काढून लावून पाहा. चालत असेल तर आजच दुसरी प्रत करा. चालत नसेल तर घाबरू नका, आणि ती कुणाच्या हातात देताना कागदावर ठळक लिहून तिला चिकटवा : "फॉरमॅट करू नये."

मी माझ्या तिन्ही डिस्कना चिकटवलंय. अक्षर सुवाच्य आहे, सबब चालणार नाही.